पाणी जिरवा, पण तळ बघून

प्रति,
बेळगाव-निपाणी पट्ट्यात तलाव खोलीकरण, पाझर तलाव आणि विहीर-कूपनलिका पुनर्भरणाची कामे आखणारे अभियंते, भूजल अधिकारी आणि पंचायत विकास अधिकारी यांस,



पावसाळा लागला की बेळगावकर सकाळच्या वर्तमानपत्रात राकसकोपची पातळी शोधतात. जलाशय २४७५ फुटांवर गेला की शहर निर्धास्त होते. मार्कंडेय नदीवरच्या या जलाशयाचे पाणी हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनातून पुढे शहराकडे चढवले जाते, त्यामुळे हिंडलगेकरांना पाण्याचे आकडे नवे नाहीत. पण याच परिसरात, आंबेवाडी, मण्णूर, सुळगा, उचगाव या बाजूला, रताळ्याच्या आणि भाताच्या शिवारात विहीर आणि कूपनलिका हाही मोठा आधार आहे. जमिनीखालच्या त्या पाण्याला पातळीखेरीज आणखी एक हिशेब असतो: त्यात काय काय विरघळले आहे. पुनर्भरणाच्या आराखड्यात लांबी, रुंदी, खोली आणि किती घनमीटर गाळ निघाला हे सगळे असते. पाण्यात काय विरघळले आहे, हा एक रकाना मात्र बहुधा कोराच राहतो.

तुमच्या कामाचे मोल या परिसराला ठाऊक आहे, ते आधी नमूद केले पाहिजे. विहिरी जपण्याची बेळगावची परंपरा जुनी आहे. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा प्रतिनिधींच्या पाण्यासाठी खोदलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. १९९५ च्या टंचाईत महापालिकेने शहरातल्या जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२० च्या आराखड्याने तर देशभर १ कोटी ४२ लाख रचना सुचवल्या असून त्यांतून १८५ अब्ज घनमीटर पाणी अडवून जिरवायचे आहे. पाणी जमिनीत गेले पाहिजे, याबद्दल कोणाचे दुमत नाही. प्रश्न एवढाच आहे की ते कशातून गाळून जाते, आणि त्या गाळणीकडे कोणी लक्ष देते का.

पहिली तक्रार शेवाळाविषयी आहे. पुनर्भरणाच्या कामात शेवाळाचा उल्लेख झालाच तर साफसफाई किंवा सुशोभीकरणाच्या सदरात होतो. तळे हिरवे दिसले की ते घाण, निळे दिसले की स्वच्छ, इतक्यावर विषय मिटतो. प्रत्यक्षात पाण्यातले प्रदूषण किती घटणार आणि किती विहिरीत उतरणार, यात शेवाळाचा वाटा फार मोठा आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या गावतळ्याच्या काठावर बसून पाहावे. पाणी मागे सरलेले असते आणि चिखलावर राहिलेले शेवाळ उन्हाने वाळून पापडासारखे कडांनी वर वळलेले असते. तो पापुद्रा नखाने उचलला तर वरची बाजू राखट पांढरी दिसते, खालची अजून ओलसर हिरवी. त्याच्या खाली बोटाच्या पेराएवढाही जाड नसलेला काळा थर लागतो आणि नाकाला कुजका वास येतो. मग तांबडी माती. पाण्यातल्या अनेक घटकांची विल्हेवाट याच काही सेंटिमीटरांत लागते, कारण सूक्ष्मजीवांची गर्दी सर्वांत जास्त इथेच असते.

अशा थराचा उपयोग जग जवळपास दोनशे वर्षे करत आले आहे. १८२९ साली जेम्स सिम्प्सन यांनी लंडनच्या चेल्सी पाणीपुरवठा कंपनीसाठी वाळूचे संथ गाळे बांधले. वाळूवर काही दिवसांत शेवाळ, जिवाणू आणि गाळ यांचा बुळबुळीत थर धरतो आणि खरे शुद्धीकरण तोच करतो, हे पुढे लक्षात आले. १८९२ साली हॅम्बर्ग शहरात पटकीने आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. शेजारचे अल्टोना त्याच एल्ब नदीचे, तेही हॅम्बर्गच्या खालच्या अंगाचे, अधिक घाण पाणी पीत होते. पण अल्टोनात पाणी वाळूतून गाळून देत असत. तिथे पटकीचा जोर फार कमी राहिला.

तलावाच्या तळाशी याहून वेगळे काही घडत नाही, फक्त तिथे कोणी देखरेख करत नाही. दिवसा उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि ऑक्सिजन सोडते. पाण्याचा सामू (पीएच) नऊच्या वर जाऊ शकतो. अशा पाण्यात फॉस्फेट कॅल्शियमबरोबर साका होऊन खाली बसते, अमोनियाचा काही भाग हवेत उडून जातो, आणि ऊन, ऑक्सिजन व चढा सामू यांच्या माऱ्याने विष्ठेतले जंतू लवकर मरतात. शेवाळ स्वतःही वाढीसाठी नायट्रोजन आणि फॉस्फरस शोषते. इतपत ते गावाच्या उपयोगाचे आहे.

रात्री चित्र पालटते. प्रकाश नसतो, तरी शेवाळाचा श्वास चालूच असतो आणि पहाटेपर्यंत ऑक्सिजन अगदी कमी होतो. शेवाळ मरून कुजू लागले की उरलासुरला ऑक्सिजनही संपतो आणि शोषलेला नायट्रोजन-फॉस्फरस परत पाण्यात येतो. मेलेल्या पेशींतून निघणारा चिकट पदार्थ आणि चढ्या सामूमुळे बसणारा चुना मातीची छिद्रे बुजवतात. तलाव भरलेला दिसतो, पण पाणी मुरायचे थांबलेले असते.

म्हणून पहिली विनंती अशी: शेवाळाला सफाईच्या सदरातून काढून शुद्धीकरणाच्या सदरात घ्या. ते किती वाढू द्यायचे, कधी वाळवायचे आणि कधी खरवडून बाहेर काढायचे, हे आराखड्यातच लिहा. वाळलेला थर खरवडून काठाबाहेर नेला तरच त्यातला नायट्रोजन-फॉस्फरस तलावातून खऱ्या अर्थाने निघून जातो. तिथेच सोडला तर पुढच्या पावसात तो पुन्हा विरघळतो.

दुसरी तक्रार जेसीबीविषयी आहे. खोलीकरणाचे मोजमाप निघालेल्या गाळावर होत असल्याने जितके खोल जाल तितके काम चांगले, असा समज रूढ झाला आहे. चिकण गाळ काढणे योग्यच आहे, तो काढल्याशिवाय पाणी मुरणार नाही. पण गाळाबरोबर मातीही जाते आणि मुरूम किंवा उघडा खडक लागेपर्यंत यंत्र थांबत नाही. हा भाग जांभ्याचा आणि दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. इथे पाणी सावकाश गाळणारी वाळू शेकडो फूट नाही. ते जांभ्याच्या पोकळ्यांतून आणि पाषाणाच्या भेगांतून धावते. वरच्या मातीत जे गाळले गेले नाही, ते खाली गाळले जाण्याची आशा थोडी. कूपनलिकेशेजारी खड्डा करून त्यात गटारीचे किंवा तळ्याचे पाणी थेट सोडण्याची कामे तर मातीला पूर्ण वळसा घालतात.

जांभ्याची आणखी एक गोष्ट आहे. तो लोहाने भरलेला असतो. ऑक्सिजन असेपर्यंत हे लोह दगडात घट्ट बसून राहते. वरून कुजक्या शेवाळाचे, ऑक्सिजन संपलेले पाणी खाली उतरले की सूक्ष्मजीव लोह आणि मँगनीज दगडातून सोडवू लागतात. उपशावेळी पाणी नितळ दिसते, पण घागरीत थोडा वेळ ठेवले की तांबूस होते. अशी तक्रार आली तर नुसते दगडाकडे बोट दाखवून चालणार नाही, वरचा तलावही तपासावा लागेल.

दुसरी विनंती: खोलीकरणाच्या अंदाजपत्रकात किती काढायचे याबरोबर किती ठेवायचे, हेही लिहा. खडक उघडा पडला असेल तर त्यावर वाळू-मातीचा थर परत घाला. तलावाचे किंवा गटारीचे पाणी कोणत्याही कूपनलिकेत थेट सोडू नका. कूपनलिकेच्या पुनर्भरणासाठी छपरावरचे पावसाचे पाणी, तेही पहिली सर वाहून गेल्यावरचे आणि वाळू-खडीतून गाळलेले, एवढेच घ्या.

तिसरी तक्रार आहे ती तलाव बारमाही तुडुंब ठेवण्याच्या हट्टाविषयी. भोवती फरसबंदी, कठडा, दिवे आणि मधोमध कायम भरलेले पाणी, असे तलावाचे रूप आता सगळीकडे हवे असते. फिरायला येणाऱ्यांना ते आवडते. पण साचलेल्या खोल पाण्यात शेवाळाला वाढायला भरपूर वेळ मिळतो आणि पाण्याच्या वजनाने तळाचा थर आणखी दाबला जातो. अमेरिकेतल्या ॲरिझोनात फिनिक्सजवळ सॉल्ट नदीच्या पात्रात १९६७ पासून ‘फ्लशिंग मेडोज’ हा प्रकल्प चालला. हर्मन बाऊवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे सांडपाणी उथळ वाफ्यांत सोडून जमिनीत जिरवले. काही दिवस पाणी, मग काही दिवस सुकवणी, असे आलटून पालटून. नायट्रोजन किती निघेल हे या पाळ्यांच्या लांबीवर ठरते, असे त्यांना आढळले. पाण्याची खोली वाढवून मुरण्याचा वेग वाढेलच असे नाही, उलट घटूही शकतो, हेही बाऊवर यांनी पुढे दाखवले. इस्रायलमध्ये तेल अवीव परिसराचे सांडपाणी प्रक्रिया करून १९७७ पासून वाळूत जिरवले जाते. तिथेही सुमारे एक दिवस पाणी आणि दोन-तीन दिवस सुकवणी, असा क्रम पाळला जातो.

सुकवणीमागचे गणित साधे आहे. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट व्हायला साडेचार मिलिग्रॅमहून थोडा अधिक ऑक्सिजन लागतो. उन्हाळ्यातल्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला आठ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे जेमतेम पावणेदोन मिलिग्रॅमची सोय. सांडपाण्यात अमोनिया याच्या कितीतरी पट असतो. दिवसा शेवाळाने ऑक्सिजन दुप्पट केला तरी तो पुरत नाही. जमीन सुकली, भेगाळली की हवा आत शिरते आणि राहिलेले काम उरकते. पुढच्या पाळीत माती पुन्हा ओली होऊन ऑक्सिजन संपला की नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. त्यासाठी सूक्ष्मजीवांना कार्बन लागतो आणि तो देण्यात शेवाळाची मदत होते. पाण्याच्या पाळ्या ठरवणाऱ्याच्या हातात हे सगळे असते.

इथला पावसाळा जोराचा आहे आणि जून ते सप्टेंबर तलाव रिकामा ठेवणे शक्य नाही, हे मान्य. त्या दिवसांत पाणी गढूळ असते, शेवाळही कमी असते. शेवाळाचे दिवस पाऊस ओसरल्यावर, ऊन पडून पाणी स्थिरावल्यावर सुरू होतात. तिसरी विनंती त्यानंतरच्या काळापुरती आहे. नव्या कामांत तलावाचे किमान दोन भाग करा. पुढे गाळ बसवायला छोटा हौद ठेवा आणि ऑक्टोबरनंतर दोन्ही भाग आळीपाळीने भरा व सुकवा. जुन्या तलावांत उन्हाळ्यात एकदा तरी तळ पूर्ण उघडा पडू द्या.

चौथी तक्रार सर्वांत गंभीर आहे. ज्या पाण्याने तलाव भरायचा ते पाणी कसले आहे? हिंडलगा आणि भोवतालच्या गावांत वसाहती झपाट्याने वाढत आहेत. वसाहत आली की शोषखड्डे आणि गटारी आल्या, आणि उतार जिथे नेईल तिथे त्या जातात. शहराच्या दुसऱ्या टोकाला बळ्ळारी नाल्याच्या सांडपाण्याने येळ्ळूर शिवारातल्या शेतीचे किती नुकसान केले, ते तालुक्याला सांगायला नको.

प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याचा मोठा प्रयोग याच राज्यात झाला आहे. बंगळूरच्या कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातले सांडपाणी दुय्यम प्रक्रियेनंतर कोलार जिल्ह्यातल्या शंभराहून अधिक तलावांत सोडण्याची ही योजना दिवसाला ४४ कोटी लिटरची. जून २०१८ मध्ये पाणी लक्ष्मीसागर तलावात पोचले आणि पुढच्याच महिन्यात तिथे फेस दिसला. उच्च न्यायालयाने काही काळ स्थगिती दिली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पाणी काही काळ थांबवले. पुढे योजना सुरू राहिली, कोरड्या कूपनलिकांना पाणी आले आणि दुष्काळी जिल्ह्याला मोठा दिलासा मिळाला. ते नाकारण्याचे कारण नाही. पण दुय्यम प्रक्रियेनंतरही पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस शिल्लक राहतात, आणि साचलेल्या पाण्यात ते म्हणजे शेवाळाचे खतच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. त्यापुढे तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटण्याचा धोका असतो. औषधांचे अंशही उरतात. त्यांतले काही ऑक्सिजन असताना चांगले विघटन पावतात, काही ऑक्सिजन नसताना. अपस्मारावरचे कार्बामाझेपिन मातीतून महिनोन्‌महिने प्रवास करूनही जवळपास तसेच राहते.

चौथी विनंती: गटारीचे तोंड तलावाकडून आधी वळवा, मग पुनर्भरणाचा फलक लावा. प्रक्रिया केलेले पाणी कधी या भागात आणायचे ठरलेच, तर नायट्रोजन आणि फॉस्फरस काढणारी तिसरी पायरी असल्याशिवाय ते जिरवू नका.

पाचवी तक्रार मोरचुदाची. तलाव हिरवा झाला, वास सुटला, लोक ओरडू लागले की मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाकण्याचा सल्ला हमखास पुढे येतो. निपाणीपासून जवळच असलेल्या कोल्हापूरच्या रंकाळ्यात मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शेवाळाचा तवंग लोकांनी पाहिला आहे. या जातीच्या पेशींत यकृताला घातक असे विष असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर या विषाची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम सुचवली आहे. पेशी जिवंत असते तोवर विष बव्हंशी आतच राहते आणि माती पेशींना अडवते. मोरचुदाने पेशी फुटल्या की सगळे विष एकदम पाण्यात उतरते. ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर १९७९ साली असाच प्रकार घडला. पिण्याच्या पाण्याच्या धरणातले शेवाळ मारायला मोरचूद टाकले आणि काही दिवसांत १४८ जणांना यकृत-आतड्यांच्या आजाराने दवाखान्यात न्यावे लागले. त्यांत बहुतेक मुले होती. बर्लिनमध्ये तलावाकाठच्या वाळूतून गाळून आलेले पाणी विहिरींतून उपसतात. तिथल्या अभ्यासात ऑक्सिजन असलेल्या वाळूत हे विष चांगले नष्ट होते आणि ऑक्सिजन नसेल तर काम रेंगाळते, असे आढळले. म्हणजे मोरचूद टाकून शेवाळ कुजवायचे, तर विषही मोकळे होते आणि ते नष्ट करणारा ऑक्सिजनही संपतो. शिवाय तांबे तळाच्या गाळात साठत जाते.

पाचवी विनंती: ज्या तलावाचे पाणी विहिरींत उतरते, तिथे मोरचुदावर लेखी बंदी घाला. हिरवा तवंग दिसला की आधी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्या आणि जवळच्या विहिरींचे पिण्याचे पाणी तेवढ्यापुरते थांबवा. निपाणीच्या लोकांना जवाहर तलावाचे पाणी प्यावे लागते, त्यामुळे तलावाचा रंग बदलणे म्हणजे काय, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

राहिली तपासणी. गावच्या विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकली जाते आणि ती टाकलीच पाहिजे. जंतूंपासून होणारा धोका सर्वांत मोठा आणि तातडीचा आहे. मात्र शेवाळातून आलेला सेंद्रिय पदार्थ पाण्यात जास्त असेल तर क्लोरीनशी त्याचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात. त्यासाठी पावडर कमी करणे हा उपाय नव्हे, सेंद्रिय पदार्थ विहिरीत उतरूच न देणे हा आहे. तो उतरतो की नाही, हे मोजल्याखेरीज कळत नाही.

म्हणून शेवटची विनंती मोजण्याची आहे. प्रत्येक पुनर्भरण तलावासाठी उताराच्या बाजूच्या दोन विहिरी निवडा. पावसाळ्याआधी, पाऊस संपल्यावर आणि भर उन्हाळ्यात अशी वर्षातून तीनदा त्यांची आणि तलावाची तपासणी करा. सामू, विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट, अमोनिया, लोह, मँगनीज, सेंद्रिय कार्बन आणि विष्ठेतले जंतू, एवढे पुरे. तलावाचा सामू आणि ऑक्सिजन पहाटे एकदा आणि दुपारी एकदा बघा, कारण एकाच वेळी घेतलेला आकडा फसवतो. मुरण्याचा वेग मोजायला पाण्यात रोवलेली एक पट्टी आणि बाष्पीभवनाचा अंदाज पुरतो. निकाल मराठीत आणि कन्नडमध्ये पंचायतीच्या फलकावर लावा.

या कामासाठी नवीन खाते काढावे लागत नाही. नमुने गोळा करायला शाळा-महाविद्यालयांतले विज्ञान शिक्षक, पट्टी वाचायला युवक मंडळे आणि तळ खरवडायला उद्योग खात्रीच्या (रोजगार हमीच्या) कामावरची माणसे मिळू शकतात. सुकलेला थर शेतकरी आपल्या शेतात नेतील, फक्त त्यात तांबे किंवा विषारी शेवाळ नाही याची तुम्ही खात्री द्या. काय मोजायचे, कसे मोजायचे आणि आकडा वाईट आला तर कोणते तोंड बंद करायचे, हे सांगणारा जाणकार तेवढा हवा आहे आणि ते ज्ञान तुमच्याकडे आहे. येत्या उन्हाळ्यात हिंडलगा परिसरातला एक आणि निपाणी भागातला एक, असे दोन तलाव या पद्धतीने हाती घ्यावेत. पहिल्या तपासणीची तारीख कळवावी, म्हणजे विहिरींचे मालक दोर-बादली घेऊन हजर राहतील.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपले विश्वासू,
विहिरीचे पाणी पिणारे ग्रामस्थ
हिंडलगा, ता. जि. बेळगाव